जुलेखा मास्तरांचा दम

जुलेखा मास्तर भाजी आणायला निघाल्या की आधी तोंडात पाण्याचा मोठा घोट घ्यायच्या आणि तो तसाच गालात धरून घरापासून बाजारापर्यंत चालत जायच्या. गिळायचा नाही, थुंकायचा नाही. राहुरीजवळच्या आमच्या देवळालीच्या बाजारात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. गाल फुगलेले, डोळे रोखलेले अशी एक उंच, सावळी बाई समोर येऊन उभी राहिली की भाजीवाल्या गुमान पाटी पुढे सरकवायच्या. मास्तर बोटानं दाखवायच्या, मानेनं हो-नाही करायच्या आणि सगळा बाजार एक शब्द न बोलता उरकायच्या. फक्त कुणी शिळी मेथी ताज्या जुडीत खुपसली, की बाजूला वळून पिचकन पाणी टाकायच्या आणि मग जे काही बोलायच्या ते पार एसटी स्टँडापर्यंत ऐकू जायचं. भांडण आटोपलं की शेजारच्या हॉटेलातून ग्लासभर पाणी मागून घ्यायच्या, घोट भरायच्या आणि पुढे निघायच्या.

"नाकानं चालायला शिक, वैशे," त्या मला म्हणायच्या. "दम घ्यायला नाक हाय. का नुस्ती नथ लटकवायला दिलंय देवानं?"

मास्तर म्हणजे बँडमास्तर. लग्नाच्या वरातीत सगळ्यांच्या पुढे, लाल कोट घालून ट्रंपेट वाजवत चालणारा गडी तुम्ही पाहिला असेल. आमच्या गावात त्या जागेवर जुलेखाबी होत्या. कुणी चुकून 'बँडमास्तरीण' म्हटलं की त्या ओ देत नसत. "मास्तरीण म्हंजी मास्तराची बायको. मी कुनाची बायको न्हाई. मास्तर म्हन," असं स्वच्छ सुनावायच्या. माझं स्वतःचं पद कागदोपत्री 'फायरमन' आहे. नगरपालिकेच्या अग्निशमन दलात मी नोकरी करते. मला कुणी हसून विचारलं, की बाई असून फायरमन कसं काय, तर मला मास्तरांचा तो चढलेला आवाज आठवतो आणि मी पण विचारणाऱ्याला तसंच उत्तर देते.

बँड त्यांच्या वडिलांचा. पोटाच्या दुखण्यानं वडिलांनी अंथरूण धरलं तेव्हा ऐन लग्नसराई होती, सुपारी घेतलेली होती, आणि धाकटा भाऊ रशीद दोन ओळी वाजवून खोकत बसत होता, कारण त्याचा सगळा दम पानटपरीवर धुरात चालला होता. जुलेखा लहानपणापासून वडिलांचं ट्रंपेट पुसायच्या, आणि पुसता पुसता वाजवायच्याही. त्यांनी वडिलांचा कोट खुंटीवरून काढला, बाह्या दुमडल्या आणि टेम्पोत जाऊन बसल्या. मांडवाच्या दारात नवरदेवाच्या चुलत्यानं हात आडवा घातला. म्हणाला, "बाई वाजवनार व्हय आमच्या वरातीत?" जुलेखाबी म्हणाल्या, "बाया तुमच्या मांडवात लई हायेत. हितं मास्तर हुबा हाय. सुरू करू, का टेम्पो माघारी फिरवू?" मारुतीच्या देवळात नवरदेवाला न्यायची वेळ झाली होती, दुसरा बँड मिळायचा नव्हता. चुलत्यानं हात खाली घेतला. तेव्हा मी जन्मलेही नसेन, पण बँडमधले ढोलवाले किसनमामा ही गोष्ट इतक्या वेळा आणि इतक्या चवीनं सांगायचे की तो चुलता मला आजही डोळ्यांपुढे दिसतो.

तेव्हापासून पुढची जागा त्यांची. लग्न त्यांनी केलं नाही. माझ्या आईनं एकदा भीतभीत विषय काढला, तर मास्तर खो-खो हसल्या. "माझ्या वरातीत वाजवायला मीच लागनार. मग घोड्यावर कोन बसल, तू बसती का?"

माझी त्यांची गाठ पडली ती शाळेच्या मैदानावर. मी वीस वर्षांची होते, भरतीसाठी पळायचा सराव करत होते. दोन चकरा मारल्या की छातीत शिट्टी वाजायची आणि मी मैदानाच्या कडेला गुडघे धरून बसायचे. मला लहानपणी बाळदमा होता. आमच्या घरात तो कुणी विसरू द्यायचं नाही. आई म्हणायची, "हिला धुळीत झाडू मारू देत न्हाई मी, अन् ही आगीत शिरायची म्हनती." भाऊ तर सरळ हसायचा. त्या सकाळी मी तिसऱ्यांदा बसले आणि रडकुंडीला आले. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मास्तर लांब सुरांचा रियाज करत होत्या. त्यांनी ट्रंपेट काखेत मारलं, तरातरा चालत आल्या, आणि ओळख ना पाळख, माझ्या बरगड्यांच्या खाली अंगठा रुतवला.

"हितं काय हाय?"

"पोट," मी कळवळून म्हणाले.

"पोट खाली. हितं पडदा हाय. तो खाली वढला की हवा आत येती. तुझा झोपलाय. तू खांदे उचलून दम घेती, हिरीवरची घागर उचलल्यागत. पळन्यानं न्हाई दमत तू, खांदे उचलून दमती."

मला राग आला. डॉक्टरांनी सांगितलं नाही ते ही पिपाणीवाली काय सांगणार, असं मी मनात म्हटलं. आणि तोंडावर म्हटलं ते असं, "तुम्हाला काय माहीत?" मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, ट्रंपेट तोंडाला लावलं आणि एकच सूर धरला. मी उठून मैदानाची अख्खी चक्कर चालत मारली, परत आले, तरी तो सूर चालूच होता. दुसऱ्या दिवशी मी सहा वाजता त्यांच्या अंगणात हजर.

त्या अंगणात माझी 'बांधणी' झाली. हा त्यांचा शब्द. दंडाची बांधणी असते तशी दमाची. सतरंजीवर उताणं झोपायचं, पोटावर बाजरीची पिशवी ठेवायची आणि ती श्वासासरशी वर गेली पाहिजे, हळू खाली आली पाहिजे. छाती हलली की चूक. मग पपईच्या पानाचा पोकळ देठ तोंडात धरून त्यातून हवा आत ओढायची. चार दिवस सोपं गेलं की मास्तर त्या देठात चिंधीचा बोळा कोंबायच्या. हवा यायची नाही, बरगड्या आवळून यायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं. "सोडायला काय, फुगाबी सोडतो," त्या म्हणायच्या. "घेनं शिक. घेनाराच वाजवतो अन् घेनाराच पळतो." हातात एक छडी असायची. श्वास घेताना खांदा उचलला की खांद्यावर फटका. पण एक सांगते, माझा डॉक्टरांनी दिलेला पंप त्यांनी कधी सोडू दिला नाही. तो अंगणात चुलीशेजारच्या कोनाड्यात ठेवलेला असायचा आणि छातीत जरा शिट्टी वाजली की त्याच आधी उठायच्या.

आणि एक नियम होता. तो या सगळ्याच्या वर होता. श्वास कुणाला ऐकू येता कामा नये. वरातीत लोकांनी गाणं ऐकायचं, वाजवणाऱ्याचं धापणं नाही. मास्तर दोन सुरांच्या फटीत नाकातून हवा अशी आत घ्यायच्या की शेजारी उभ्या किसनमामांनाही कळायचं नाही. बँडमधल्या कुणाचा श्वास ऐकू आला तर त्या दिवशी टेम्पोत त्याची खैर नसायची. "दम ऐकू आला म्हंजी भर रस्त्यात सदरा फाटला," असं त्यांचं म्हणणं. माझा श्वास ऐकू आला की त्यासाठीही खांद्यावर छडी बसायची, म्हणून मीही पळताना तोंड मिटून, आवाज न करता पळायला शिकले. भरतीच्या दिवशी मी शेवटची चक्कर मारून उभी राहिले तेव्हा बाकीच्या पोरी जमिनीवर पडून धापा टाकत होत्या आणि मी नुसती उभी होते. साहेबांनी विचारलं, "तू पळालीस का नाही?" माझी निवड झाली. पेढे घेऊन मी आधी कुठं गेले असेन ते सांगायला नको. आई त्यावरून आठवडाभर रुसली होती.

पण त्याच नियमानं मला जवळजवळ घरी बसवलं होतं. प्रशिक्षणात आमच्या पाठीवर हवेची टाकी बांधतात आणि तोंडावर मास्क चढवतात. त्या मास्कमध्ये आपला प्रत्येक श्वास खरखर खरखर असा ऐकू येतो, आपल्याला आणि शेजारच्यालाही. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मला लाज वाटली. खरंच लाज. बाकीची पोरं आपली खुशाल घोरल्यासारखी श्वास घेत होती आणि मी मात्र मास्तरांची शिष्या, आवाज होऊ नये म्हणून श्वास चोरत होते. इवलासा घ्यायचा, धरून ठेवायचा, मग परत इवलासा. धुराच्या खोलीत शिरल्यावर काही मिनिटांतच माझं डोकं गरगरलं, भिंत कुठं आणि दार कुठं कळेना, आणि मी खाली बसले. टाकीत हवा भरपूर शिल्लक होती. प्रशिक्षण देणाऱ्या उस्तादांनी मला पट्ट्याला धरून बाहेर ओढलं आणि मास्क काढून ओरडले, "अगं, हवा घ्यायला दिलीय, लपवायला नाही!" एक संधी आणखी देतो म्हणाले.

दुसऱ्या वेळी मी बैलासारखी फुरफुरत आत गेले आणि पास झाले. सुट्टीत गावी आल्यावर तणतणत मास्तरांच्या अंगणात गेले आणि सगळं सांगितलं. म्हटलं, "तुमच्या नियमापायी मी मेले असते."

मास्तर तांदूळ निवडत होत्या. वर बघितलं नाही. "मास्कात काय वरात असती का? तुझं काम येगळं, माझं येगळं."

"श्वास तोच असतो ना?"

"न्हाई. तुझा तुझ्यासाठी. माझा लोकांसाठी. लोकांनी मला धापताना ऐकलं की त्याच दिवशी ते म्हननार, बघा, शेवटी बाईच. ती वाटच बघून हायेत गं. तुला न्हाई कळायचं."

मला कळलं, पण पटलं नाही. मी म्हटलं, "मग छड्या कशाला मारल्या मला?" आणि ताडताड निघून आले. दोन महिने आम्ही बोललो नाही. बाजारात समोरासमोर आलो तरी त्यांच्या तोंडात पाणी आणि माझ्या तोंडाला कुलूप.

पुढच्या थंडीत मास्तरांना न्यूमोनिया झाला. दोन्ही बाजूंना. राहुरीच्या दवाखान्यात त्या बरेच दिवस होत्या, नळ्या लावून. वाचल्या, पण घरी आल्या तेव्हा खाटेवरून उठून मोरीपर्यंत जाताना दोनदा भिंतीला हात लावत होत्या. डॉक्टर तरुण होते, सरळ बोलले. फुफ्फुसावर चट्टे राहिलेत, घरातल्या घरात हिंडल्यात तरी पुष्कळ, ट्रंपेट आता विसरा. मास्तर म्हणाल्या, "डॉक्टरसायेब, तुमी माझं फुफ्फुस तपासलंय. मला न्हाई तपासलं." डॉक्टर हसले, आणि श्वासाच्या व्यायामासाठी नळी लावलेलं, आत तीन रंगीत गोळ्या असलेलं प्लॅस्टिकचं यंत्र देऊन टाकलं.

मी भेटायला गेले तेव्हा मास्तर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. रशीदभाईंनी दारातच खुणेनं सांगितलं की चार दिवस झाले, आपा जेवत नाही, बोलत नाही. पुढची जागा आता रशीदभाई सांभाळत होते. मास्तर आजारी पडल्याच्या दिवशी त्यांनी बिडी सोडली होती आणि आता चांगले वाजवत होते. पण आपा परत रस्त्यावर उतरणार या विचारानंच त्यांना घाम फुटायचा. मी खाटेजवळ बसले. मास्तरांनी उशीखालून ते यंत्र काढलं आणि माझ्या मांडीवर टाकलं.

"एकबी गोळी हालत न्हाई," त्या म्हणाल्या. "येक पन न्हाई, वैशे. चाळीस वरसं वाजवलं, अन् पोराच्या खेळन्यातली गोळी हालंना. संपले मी."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते आणि मला ते बघवेना. मी म्हटलं, करून दाखवा. त्यांनी नळी तोंडाला लावली, डोळे मिटले, आणि सगळा जीव एकवटून त्यात फुंकर मारली.

फुंकर! अहो, ते यंत्र ओढायचं असतं. हवा आत घेतली की गोळ्या वर जातात. पण चाळीस वर्षं जिच्या ओठांना नळी लागली की फुंकायचंच ठाऊक, ती दुसरं काय करणार? चार दिवस ही बाई त्यात फुंकत होती आणि आपण मेलो असं समजून भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला हसू आवरेना आणि रडूही. "मास्तर," मी म्हटलं, "घेनं शिक, घेनं शिक म्हणून माझे खांदे फोडलेत, आणि स्वतः काय करताय? ओढायचंय ते!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं. नळी परत लावली आणि ओढली. पहिली गोळी थरथरत वर गेली, क्षणभर टेकली आणि टप्पकन खाली आली. मास्तर खोकत खोकत उठून बसल्या. "रशीद," त्या म्हणाल्या, "भाकरी आन."

मग उलटी बांधणी सुरू झाली. मी साप्ताहिक सुट्टीला यायचे, एरवी किसनमामा बसायचे. बाजरीची पिशवी पेलायची नाही, म्हणून पोटावर मिठाचा पुडा. पुडा सरासर वर जायला लागला की दोन पुडे. पपईचा देठ, आधी मोकळा, मग चिंधीचा. आधी घर ते अंगण, मग घर ते कडुनिंब, मग घर ते स्टँड, तोंडात पाणी धरून. मध्ये एकदा ताप आला आणि सगळं मुळापासून सुरू करावं लागलं. तेव्हा त्यांनी यंत्र भिंतीवर फेकून मारलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच चिकटपट्टी लावून जोडलं. एकदा डॉक्टरांना दाखवायला गेलो तर त्यांच्यापुढे तिन्ही गोळ्या वर नेऊन धरल्या आणि डोळ्यांनीच विचारलं, आता बोला. डॉक्टर म्हणाले, "सुधारणा छान आहे, पण जुना दम परत यायचा नाही, हे लक्षात ठेवा." मास्तर म्हणाल्या, "जुना कोन मागतंय?"

रशीदभाई मात्र हात जोडायचे. "आपा, रस्त्यात पडलीस तर?"

"पडले तर उचल. तेवढं तरी जमंल न्हवं?"

लग्नसराई आली आणि मास्तर लाल कोट घालून पुढे उभ्या राहिल्या. वरात आमच्याच गावातली होती, मी घोड्याच्या मागे बायकांत चालत होते. पहिली दोन गाणी अशी वाजली की म्हातारी माणसं ओट्यावर येऊन उभी राहिली. तिसऱ्या गाण्यात, वेशीजवळ, सूर एकदम तुटला. आणि मग सगळ्या वरातीनं ते ऐकलं. मोठा, खरखरीत, ओढून घेतलेला श्वास. ढोल वाजत होता तरी ऐकू आला. पुढे नाचणाऱ्या पोरांनी वळून पाहिलं, दोघा-तिघांनी मोबाईल वर केले. कुणीतरी ओरडलं, "मास्तरची हवा गेली रे!" हशा पिकला. रशीदभाई पुढे झाले, ट्रंपेट तोंडाला लावून जागा घ्यायला. मास्तरांनी मागे न बघता डावा हात वर केला, थांब. पुन्हा तसाच श्वास घेतला आणि गाणं जिथं तुटलं होतं तिथून उचललं. देवळापर्यंत सूर आणखी पाच वेळा तुटला. पाचही वेळा त्यांनी श्वास घेतला आणि पाचही वेळा गावानं तो ऐकला. ज्या गोष्टीला ही बाई जन्मभर भ्यायली ती भर रस्त्यात घडत होती, आणि मास्तर चालतच होत्या.

तो व्हिडिओ दुपारपर्यंत गावभर फिरला. तिसऱ्या दिवशी पुढच्या लग्नाची मंडळी बँडच्या खोलीवर आली. नवऱ्या मुलाचे वडील भले गृहस्थ, चाचरत म्हणाले, "बँड तुमचाच हाय, मास्तर. फक्त पुढं रशीदभाईला ऱ्हाऊ द्या. तुमी खुर्चीवर बसा, मानानं. लोक हसत्यात, बरं न्हाई दिसत."

खोलीत बँडची बारा माणसं होती. सगळी रशीदभाईंकडे बघत होती आणि रशीदभाई जमिनीकडे. त्यांनी एक 'हो' म्हटलं असतं तर चाळीस वर्षांची जागा तिथंच गेली असती. मास्तरांनी शांतपणे विचारलं, "सूर बेसूर झाला का कुटं?"

"न्हाई, तसं न्हाई."

"पावलं चुकली का?"

"न्हाई हो. ते मधी मधी थांबून दम घेता ना..."

"घेते. जिती हाय मी, म्हनून घेते. तुमी न्हाई घेत? मी पुढं न्हाई तर माझा कोट न्हाई अन् माझं नाव न्हाई. रशीदला इचारा, त्याला तसं वाजवायचं आसंल तर तो मोकळा हाय."

रशीदभाईंनी मान वर केली. डोळे लाल झाले होते. "आपा पुढं, मी मागं," एवढंच म्हणाले. मंडळी विचार करून कळवतो म्हणून गेली, आणि दुसरा बँड बघायचा आळस म्हणा की लाज म्हणा, संध्याकाळी होकार आला.

त्यानंतर मास्तरांनी जे केलं ते आमच्या भागात कुठल्या बँडनं केलं नसेल. सगळ्यांना अंगणात गोळा केलं आणि म्हणाल्या, "आजपासनं चार वळी झाल्या की समद्यांनी थांबायचं. ढोलबी थांबायचा. समद्यांनी दम घ्यायचा, मोठ्यानं, गावाला ऐकू जाईल आसा. मग पुढं."

रशीदभाई चाचरले. "अब्बा असते तर..."

"अब्बा असते तर त्यांनाबी घ्यायला लावला असता."

मी अंगणाच्या कडेला बसले होते. गप्प बसवेना. म्हटलं, "आणि माझ्या खांद्यावरच्या छड्या?"

मास्तर वळल्या. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "लोकाच्या भ्यानं दम चोरायला शिकले, अन् तुलाबी चोरायला शिकवला. मोठी चूक." मग लगेच आवाज चढला. "पन तू फायरमन ना? मग दोन वरसं माझ्या छड्या गप कशाला खाल्ल्या? ती चूक तुझी!" सगळं अंगण हसलं. मीही हसले आणि नाक पुसलं.

त्या लग्नाला मी मुद्दाम रजा काढून गेले. चार ओळी झाल्या आणि बँड खटकन थांबला. वरातीला वाटलं, झालं, परत हवा गेली. तेवढ्यात बारा माणसांनी एकदम श्वास घेतला. असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. घोड्यानं कान टवकारले. आणि पुढच्या क्षणी ढोल आणि ट्रंपेट एकदम अशी उसळली की नाचणाऱ्या पोरांचे पाय त्यांना न विचारता उचलले. दुसऱ्यांदा बँड थांबला तेव्हा पोरांनीही हात वर करून श्वास घेतला. तिसऱ्यांदा नवरदेवानं, घोड्यावरून. ज्या पोरानं वेशीजवळ हवा गेली म्हणून ओरडून दाखवलं होतं तो सगळ्यात पुढे, छाती फुगवून. मास्तर त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याच्या बरगड्यांखाली अंगठा रुतवून म्हणाल्या, "खांदे खाली, हिरो."

मास्तर त्यानंतर दोन लग्नसराया पुढे चालल्या. दुसऱ्या सराईत चार ओळींच्या तीन झाल्या, मग दोन. बँडनं तक्रार केली नाही, लोकांनीही नाही. श्रावणात, वरात नसलेल्या दिवसांत, जुनं दुखणं परत आलं आणि भर दुपारी त्या गेल्या. मी ड्युटीवर होते, साखर कारखान्यात उसाच्या चिपाडांच्या, म्हणजे बगॅसच्या, आगीवर. पोहोचले तेव्हा मंडळी कब्रस्तानाकडे निघाली होती. बायका जात नाहीत. मी कोपऱ्यावर, युनिफॉर्ममध्ये, काजळीनं काळी झालेली अशी उभी राहिले आणि मला इतका राग आला की कुणावर काढावा ते कळेना. दमावर, चट्ट्यांवर, माझ्या उशिरा पोहोचण्यावर. ती बाई माझी कुणीच नव्हती आणि मला आईनंतर तिच्याइतकं कुणीच नव्हतं, हे मी तिला तोंडानं कधी सांगितलं नाही. आता सांगतेय.

परवा राहुरीच्या बाजूची आगीची एक वर्दी आटोपून आमची गाडी परत येत होती. पुढे वरात होती, रस्ता अडलेला. घाई नव्हती, आम्ही थांबलो. पुढे रशीदभाई होते, त्यांना आता अख्खं गाणं एका दमात ओढता येतं, थांबायची काही म्हणजे काही गरज नाही. चार ओळी झाल्या आणि बँड थांबला.

आमचा ड्रायव्हर नवा होता, नाशिककडचा. काचेतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "काय मॅडम, बंद पडला का बँड?"

"गप बस," मी म्हणाले. "मास्तर श्वास घेतायत."